खालून भरलेलं चित्र

आमच्या घरात आवाज थांबला की झोपमोड व्हायची. मागच्या भिंतीला लागून दुसऱ्या कुणाचा तरी कारखाना होता आणि त्यातले माग रात्रंदिवस चालत असल्यानं मांडणीतले पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायचे. ते किणकिणणं आम्हाला ऐकू यायचं नाही. पाहुणे आले की त्यांना ऐकू यायचं. ते मध्येच बोलायचं थांबून मांडणीकडे बघायचे, मग अम्मा उठून दोन पेले थोडे लांब करायची आणि पाहुणे गेले की पुन्हा जवळ सरकवायची. वीज गेली की मात्र आम्ही तिघंही हातातलं काम टाकून मान वर करायचो. अम्मा स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं?" काही झालेलं नसायचं. शांतता झालेली असायची. पुण्यात राहायला लागल्यावर पहिले काही महिने मला रात्री झोप लागायची नाही. मैत्रिणींना वाटायचं, घरची आठवण येते. पंखा मोठा केला की झोप लागायची.

माझे वडील, ज्यांना आम्ही नायना म्हणतो, मागावर काम करत नसत. ते ग्राफ भरत. चादरीवर किंवा टॉवेलवर जो मोर, कमळ, वेलबुट्टी दिसते ती आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते. एक चौकट म्हणजे एक धागा. भरलेली चौकट म्हणजे धागा वर, रिकामी म्हणजे धागा खाली. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, पत्त्यांची माळ मागावर चढते आणि माग तो मोर विणत जातो. नायना घराच्या पुढच्या खोलीत उतरत्या मेजाशी बसून दोन नंबरच्या ब्रशनं लाल रंगाच्या चौकटी भरत असत. मी त्यांच्या शेजारी पाटावर बसून त्यांच्या रद्दी कागदावर तेच करायची. मला कुणी चित्रकला शिकवली असं म्हणता येणार नाही. चौकट भरायची, बाहेर जायचं नाही, एक ओळ पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, आणि सुरुवात नेहमी खालून करायची, एवढं मला अक्षरं यायच्या आधी येत होतं. खालून का, हे मी विचारलंही नाही. कापड मागावर खालूनच वाढतं. पहिला पत्ता म्हणजे सगळ्यात खालची ओळ. मोराचे आधी पाय येतात, मग पोट, मग मान, तुरा सगळ्यात शेवटी.

मी ज्या वर्षांबद्दल लिहिते आहे तोपर्यंत ग्राफचं काम बरंच संगणकावर गेलं होतं. नायनांकडे जुने दोन-तीन मालक अजून यायचे, तेही बहुतेक संगणकावर झालेली चूक हातानं दुरुस्त करून घ्यायला. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. मेज मात्र रोज सकाळी पुसायचे.

मी इंग्रजी शाळेत होते. घरात तेलुगू, शाळेत इंग्रजी, आणि या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर मराठी. त्या रस्त्यानं मी बारा वर्षं गेले-आले आणि फार थोडं बोलले. माझं मराठी शाळेच्या पुस्तकातलं होतं. तोंड उघडलं की दुकानदार हसून माझ्याकडे बघायचा, निदान मला तसं वाटायचं. म्हणून मी यादी लिहून नेत असे आणि ती गल्ल्यावर ठेवून उभी राहत असे. दूधवाल्यानं "अम्मा हाय का घरात?" विचारलं तरी मी आत जाऊन अम्मालाच पाठवायची. आज मी मराठीत लिहिते, मराठी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, फोनवर तासन्‌तास बोलते. पण एखाद्या अनोळखी दुकानात गेले की अजूनही बोट आपोआप वस्तूकडे जातं.

नववीत असताना शाळाशाळांमधली चित्रकलेची स्पर्धा होती. मला बरं जमत होतं. परीक्षक बाई रांगांतून फिरत फिरत माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांच्या साडीचा काठ माझ्या खुर्चीला लागला होता. मी ब्रश धुतला, रंगांच्या पेटीचं झाकण लावलं, उठले आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसले. शाळा रिकामी होईपर्यंत बाहेर आले नाही. शेवटी नायनांना बोलावून घेतलं होतं. ते दाराबाहेर उभे राहिले, एकदाच नाव घेतलं, आणि मी कडी काढली. रस्ताभर त्यांनी एक शब्द विचारला नाही, आणि घरी अम्मालाही विचारू दिलं नाही.

पुढेही त्यांनी तो विषय कधी काढला नाही, त्यामुळे बारावीच्या वर्षी मी पुण्याच्या एका कलामहाविद्यालयाचा अर्ज मागवला, तेव्हा मला वाटलं होतं की नायना पैशाचं बोलतील, नाहीतर संगणकावरचं डिझाइन इथेच शीक म्हणतील. त्यातलं काहीच बोलले नाहीत. अर्ज उलटून-पालटून बघितला. तेव्हा त्या कॉलेजचा अर्ज कागदावरच भरायचा असे आणि त्याच्या तळाशी पालकाच्या सहीची रेघ होती. मग तेलुगूत म्हणाले, "तुझा हात चांगला आहे बिड्डा, ते मला दिसतं. पण पुण्यात बाथरूममध्ये बसवून शिकवत नाहीत." बिड्डा म्हणजे लेकरू, ते रागावले की मला नावानं हाक मारत, म्हणून रागावले नव्हते हे कळलं. पण अर्ज त्यांनी मेजाच्या खणात ठेवला. माझी बोलायची जागा नव्हतीच ती.

त्याच आठवड्यात आमच्या ड्रॉइंगच्या देशमुख मिसनी एक पत्रक दिलं. गावातल्या काही चित्रकारांनी मिळून सिद्धेश्वर तलावावर निसर्गचित्रणाचा महोत्सव ठेवला होता. रविवारी सकाळी सात ते अकरा, घाटावर कुठेही बसा, समोर दिसेल ते काढा, कागद ते देणार. मी पत्रक वहीत लपवलं नाही, हे आठवून आजही नवल वाटतं. मेजावर ठेवलं आणि आत गेले. जेवताना नायना म्हणाले, "जाशील?" मी मान हलवली. मग त्यांनी अट घातली, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, जसं ते मालकाला कुठल्या दिवशी ग्राफ मिळेल ते सांगत तसं. बक्षिसाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. अकराची शिट्टी वाजेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. मागे कुणीही येऊन उभं राहिलं तरी. ते स्वतः लांब, झाडाखालच्या बाकावर बसतील आणि जवळ येणार नाहीत. मी बसून राहिले तर सही; उठले तर पुण्याचा विषय पुन्हा निघणार नाही. अम्मा म्हणाली, चार तास बसायला ती काय दगड आहे? नायना म्हणाले, घरात सहा तास बसते की.

रविवारी अम्मानं पहाटे पुलिहोरा केला. चिंचेचा हा भात आमच्याकडे प्रवासाला निघताना करतात. देवदर्शन असो नाहीतर दवाखाना, घराबाहेर जेवायची वेळ आली की फोडणीत शेंगदाणे तडतडलेच. मी तलावापर्यंत, घरापासून दोन-अडीच मैलांवर जाणार होते, पण अम्मानं तो डबा असा भरला, जणू मी तेव्हाच पुण्याला निघाले होते. वर केळीच्या पानाचा तुकडा लावला. नायनांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून, डबा मांडीवर आणि पाठीवर पॅड घेऊन मी गेले. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठून थोडेच दिवस झाले होते; मैदानात पाळण्यांच्या खांबांचे खड्डे अजून बुजले नव्हते. थंडी होती. पाण्यावरून धूर निघतो तसं धुकं निघत होतं.

नावनोंदणीच्या टेबलाशी एका मुलीनं माझं नाव लिहून घेतलं, चित्राच्या कागदाच्या कोपऱ्यात शिक्का मारला, शेजारी नंबर घातला. मी जागा शोधायला निघाले तोवर चांगल्या जागा गेल्या होत्या. झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला, कुणाची पाठ उघडी राहणार नाही अशा सगळ्या. उरला होता तो घाटाच्या पायऱ्यांचा मधला भाग, जिथून देवळाकडे जाणारी माणसं ये-जा करत होती. एक म्हातारी तिथे बेल-फुलांची टोपली मांडून बसली होती. तिच्या पलीकडे दोन हात सोडून मी बसकर टाकलं. समोर पायऱ्या, पाणी, पाण्यापलीकडे देवळाची लांब भिंत, तिच्यावर शिखर, आणि त्याच्यावर आभाळ. मागे वळून बघितलं. नायना लांब बाकावर बसले होते आणि वर्तमानपत्र उघडत होते.

शिट्टी वाजली. माझ्या दोन्ही बाजूंना, वर-खाली, जिथवर दिसत होतं तिथवर सगळ्यांनी एकच गोष्ट केली. पसरट ब्रश पाण्यात बुडवून कागदाचा वरचा भाग ओला केला आणि त्यात पातळ रंग वाहू देत आभाळ सोडलं. कुणाचं निळं, कुणाचं पिवळट. मला खरंच कळेना की ही सगळी माणसं शेवटापासून का सुरुवात करताहेत. मला वाटलं, अनुभवी आहेत, करत असतील. मी पेन्सिलनं कागदावर अगदी पुसट चौकटी आखल्या, दोन नंबरचा ब्रश घेतला आणि सगळ्यात खालच्या ओळीपासून, माझ्या पायाजवळच्या दगडाच्या पायरीपासून सुरू केलं.

त्या ओळीत पुष्कळ काही होतं. पायरीच्या कडेची झीज, शेवाळाची रेघ, कुणीतरी सांडलेलं हळदीकुंकू, म्हातारीच्या टोपलीचा खालचा वेत. एक ओळ पुरी झाली की दुसरी. दुसऱ्या ओळीत टोपलीचा वेत थोडा फुगला, तिसरीत झेंडूचं पहिलं नारिंगी टोक आलं. हळूहळू मला ऐकू येणं बंद झालं. घरी माग चालू असताना व्हायचं तसं.

साडेआठच्या सुमारास पुन्हा ऐकू यायला लागलं, कारण मागे माणसं उभी होती. पायऱ्यांच्या मधोमध बसल्यावर दुसरं काय होणार. एकानं आपल्या बायकोला समजावलं की हे फोटोवरून करत नाहीत, समोर बघून करतात. कुणीतरी माझं अर्धं चित्र बघून विचारलं, देऊळ कुठंय. दोन कॉलेजची मुलं थांबली. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "फरशी बसवायलीय बघ. बाथरूमची असंल." ते सहज बोलले. त्यांना काय माहीत. पण तो एक शब्द ऐकला आणि माझ्या मानेपासून पाठीपर्यंत सगळं गरम झालं. फुलवाली म्हातारी त्यांना म्हणाली, "जावा की रं पुढं, देव तिकडं बसलाय." ते हसत गेले. पण त्यांच्या जागी दुसरे आले.

मी ब्रश धुतला. रंगांच्या पेटीचं झाकण लावलं. हे मी ठरवून करत नव्हते, माझे हात करत होते. पाण्याची बाटली बंद केली. मी बाकाकडे बघितलं. नायना माझ्याकडे बघत होते. इतक्या लांबूनही त्यांना झाकण दिसलं असणार, कारण त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग त्यांनी ते पुन्हा उचललं आणि तोंडापुढे धरलं. त्यांनी हात केला असता, मान हलवली असती, तर मी उठून त्यांच्याकडे गेले असते, एवढं मला नक्की माहीत आहे.

मी एक पाय मोकळा केला तेवढ्यात म्हातारी गुडघ्यावर हात टेकून माझ्याआधी उठली. "अगं बाय," ती म्हणाली, "जरा टोपलीकडं बघ. मी आलेच, नळावर जाऊन." आणि माझ्या होकाराची वाट न बघता पायऱ्या चढून गेली.

आता टोपली माझ्या ताब्यात होती. टोपली सोडून जाता येईना. मी पाय पुन्हा आत घेतला. एक बाई आल्या, त्यांना बेल हवा होता. मी बोटानं टोपली दाखवली. त्यांनी विचारलं, ताजा आहे का? बोटानं याचं उत्तर देता येत नाही. मी म्हणाले, "हो. सकाळचा आहे." माझा आवाज मला फार मोठा वाटला. त्यांनी बेल घेतला, नाणी टोपलीच्या कापडाखाली सरकवली आणि माझ्या पॅडकडे बघत म्हणाल्या, "झेंडू लई खरा केलाय की गं." आणि गेल्या. म्हातारी पुष्कळ वेळानं आली. आल्यावर तिनं टोपलीवर पाणी शिंपडलं आणि माझ्याकडे एक चाफा सरकवला. तोवर मी झाकण काढून पुढची ओळ धरली होती. नायनांनी तिला पाठवलं होतं का, असं मी त्यांना पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी देवाशपथ नाही म्हणून सांगितलं. मी विश्वास ठेवला आहे.

ऊन वर आलं. पाणी फार वेळ घेत होतं, कारण प्रत्येक ओळीत ते वेगळं होतं. मला घाई करता येत नव्हती; ओळ पुरी न करता वर जायचं माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. म्हातारी मधूनमधून वाकून बघत होती. एकदा तिनं विचारलं, "आबाळ कवा करणार गं? समद्यांचं झालं." मी म्हणाले, "शेवटी." तिला ते पटलं. ती म्हणाली, "व्हय, आबाळ काय पळून जातंय." मी देवळाची भिंत केली. भिंतीच्या वर शिखराचा पाया धरला. एक थर, दुसरा थर. शिखर अर्ध्यावर आलं होतं आणि अकराची शिट्टी वाजली.

मी पॅड थोडं लांब धरलं आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. खालचा दोन-तृतीयांश कागद भरलेला, दाट, एकही चौकट न सोडलेला. त्याच्यावर एक सरळ आडवी रेघ, शिखर तिथे सुरीनं कापल्यासारखं. आणि वर कोरा पांढरा कागद, पेन्सिलच्या चौकटींसकट. मागावर अर्धं विणलेलं कापड असंच दिसतं. पण इथे कुणी माग बघायला आलेलं नव्हतं.

चित्रं पायऱ्यांवर ओळीनं मांडायची आणि प्रत्येकानं आपल्या चित्रामागे उभं राहायचं, असं तिथे होतं. मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी आलेच नसते. चित्रांच्या कोपऱ्यांवर खडे ठेवले. मी माझ्या चित्रामागे उभी राहिले आणि लांबून नायना उठून गर्दीच्या कडेला आलेले बघितले. शिट्टी वाजली होती, तेव्हा त्यांना यायला हरकत नव्हती. तरीही ते सगळ्यांच्या मागे राहिले.

बाहेरगावचे एक चित्रकार पाहुणे म्हणून आले होते. उंच, सावकाश बोलणारे. त्यांच्यामागे वीस-पंचवीस माणसं आणि फोनवर चित्रीकरण करणारी एक मुलगी. ते प्रत्येक चित्रापाशी थांबून दोन वाक्यं बोलत होते, आणि ती नुसती कौतुकाची नव्हती. एकाला म्हणाले, तुम्ही तलाव बघितलाच नाही, पोस्टकार्ड आठवलंत. माझ्यापाशी आले आणि खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"आभाळ विसरलात का?"

मागची माणसं हसली. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. त्यांनी पुन्हा, आता जरा मऊपणे विचारलं की सुरुवात खालून का केली. फोन माझ्याकडे वळलेला मला दिसत होता. मग गर्दी हलली आणि मला ओळखीचा आवाज ऐकू आला.

"चूक माझी हाय साहेब. पोरीची न्हाय."

नायना पुढे आले होते. त्यांनी हात जोडले होते. ते त्यांना सांगायला लागले की आमचं काम ग्राफचं, ग्राफ खालून भरतात, तिला तेच दिसलं लहानपणापासून, दुसरं कुणी शिकवलं नाही, तिला शिकवायला पायजे होतं, माझ्या ध्यानात आलं नाही. हे सांगताना त्यांची मान थोडी पुढे आली होती. मी ती मान आधी एकदा बघितली होती. एका मालकानं त्यांचा पंधरा दिवसांचा ग्राफ मेजावर आपटला होता आणि म्हणाला होता की मोराचा डोळा चुकलाय. डोळा चुकला नव्हता, पत्ते चुकीचे लावले होते. नायनांनी तेव्हाही हात जोडून चूक माझी म्हटलं होतं, आणि मी पाटावर बसून होते आणि बोलले नव्हते.

"चूक नाही," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. नायनाही. मला थांबायचं होतं, पण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. मी म्हणाले, "आमच्याकडे खालून भरतात. खालचं धरून वरचं येतं. आभाळ सगळ्यात शेवटी. मी एक ओळ सोडलेली नाही. वेळ संपला, एवढंच."

पाहुण्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आणि वेळ असता तर? आभाळ कसं भरलं असतंत?"

"ओळीनं," मी म्हणाले.

पुन्हा हसू आलं, पण ते वेगळं होतं; त्यात पाहुणेही होते आणि काय झालं कोण जाणे, मीही होते. ते म्हणाले की जलरंगात हे चालत नाही. आभाळ आधी सोडायचं, ते ओलं असतानाच खालच्या सगळ्याचा उजेड ठरतो, आणि हे मला शिकावं लागेल. मग पुढे सरकताना थांबले आणि मला नाही, नायनांना म्हणाले, "हात पक्का आहे. तुम्ही दिलाय." नायनांचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी ते खाली घेतले आणि कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे शर्टाला पुसले.

बक्षिसं तीन होती, तिन्ही दुसऱ्यांना मिळाली आणि मिळायला हवी होती तशीच मिळाली. पाहुण्यांचं म्हणणंही खरं होतं. पुण्यात पहिली दोन वर्षं मी फक्त आभाळ सोडायला शिकले, आणि अजून ते मला सोपं जात नाही. आम्ही घाटाच्या पायरीवर बसून डबा उघडला. फुलवालीला पानाच्या तुकड्यावर भात दिला. ती म्हणाली, चिंच जास्त झाली, आणि पान चाटून-पुसून खाल्लं. नायना जेवताना चित्र मांडीवर घेऊन बसले होते. वरच्या कोऱ्या भागावर बोट ठेवून ते ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं, काय? ते म्हणाले, "ओळी मोजतोय. किती राहिल्या ते."

घरी आलो तेव्हा मागचा कारखाना बंद होता, सुट्टीचा वार. अम्मानं दारातच विचारलं, बसली का? नायना चपला काढत म्हणाले, "ती बसली. अट मी मोडली. तिनं बोलायला पाहिजे होतं आणि मी बोललो." अम्माला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, शिट्टीनंतर यायला तुम्हाला कुठे बंदी होती. पण दिवसभराचं बोलून झालं होतं.

त्यांनी मेज पुसलं, ते आधीच पुसलेलं होतं, आणि खणातून अर्ज काढला. मी अजून त्यात एक अक्षरही भरलं नव्हतं. नाव नाही, जन्मतारीख नाही, फोटोची चौकट रिकामी. कोऱ्या कागदावर सही करायची नसते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मालक लोकांच्या बाबतीत ते याबाबत फार कडक होते. त्यांनी दोन नंबरचा ब्रश बाजूला सारला, पेन घेतलं, कागदाच्या तळाशी असलेल्या रेघेवर आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

मग अर्ज माझ्याकडे फिरवून म्हणाले, "पहिली ओळ झाली. आता तू वर भरत जा."